पेन्सिल शिकणाऱ्याच्या हातात

षड्रिपूंच्या गणनेत मत्सराला अगदी शेवटची जागा मिळाली आहे. वर्गातही तो मागच्याच बाकावर बसतो. आणि मागच्या बाकावर बसणाऱ्याला सगळ्यांच्या पाठी दिसतात, कोण कोणाशेजारी सरकून बसलं ते दिसतं, आणि कोणाच्या डब्यातला मोठा घास कोणाच्या तोंडी गेला तेही नेमकं दिसतं. ज्या वर्षी मावसबहीण घरात राहायला आली, त्या वर्षी पंतोजीला सगळं असं स्पष्ट दिसू लागलं.

पंतोजी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती उशा ओळीने मांडून त्यांना पाढे शिकवी आणि ज्या उशीला पाढा येत नसे तिला पट्टीने झोडपी. बस आगारात मेकॅनिक असलेल्या तिच्या वडिलांनी ते एकदा दारातून पाहिलं आणि नाव ठेवून टाकलं. आता ती नववीत होती, गणितात शाळेत पहिली होती आणि नाव अंगाला घट्ट बसलं होतं. उशा तेवढ्या अजून पाढ्यांत कच्च्या होत्या.

मावसबहीण सातवीत. तिची आई परिचारिका. बदली अशा दूरच्या इस्पितळात झाली की दिवसपाळी आणि रात्रपाळी यांच्या मधल्या फटीत मूल मावेना. "वर्षाचाच तर प्रश्न आहे," असं म्हणून मावशीने लेकीला बहिणीच्या हवाली केलं. पुढचे दोन दात अंमळ मोठे, आणि पेन्सिलीची थोटकं फेकून न देता साठवायची खोड. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी वडिलांनी तिचंही नाव ठेवलं: खारू.

खारू आली आणि पंतोजीच्या पलंगाचा भिंतीकडचा अर्धा भाग गेला. मग कापणीच्या टेबलाची खिडकीकडची बाजू गेली. आई घरी शिवणकाम करी. गिऱ्हाइकांचे कपडे आखूड करणं, सैल करणं, अस्तर बदलणं असलं काम. दुपारी टेबल कात्रीचं, संध्याकाळी अभ्यासाचं. खिडकीकडची बाजू पंतोजीची, हे सांगायची गरज कधी पडली नव्हती. आता ती गरज पडली, आणि सांगूनही उपयोग झाला नाही.

"ती लहान आहे, तिला उजेड लागतो," आई म्हणाली.

"मला अंधारात दिसतं वाटतं?"

"तुझं डोकं आधीच उजळलंय," वडील म्हणाले. सगळे हसले. खारूही हसली, दोन दात दाखवून.

हे सगळं पंतोजीने गिळलं असतं. पण मखमल तिला गिळवेना. एका बड्या बाईच्या कोटाचं निळं मखमल उरलं होतं आणि ते दोन वर्षं ट्रंकेत तळाशी घडी घालून पडलं होतं. पंतोजी ते अधूनमधून बाहेर काढी, गालाला लावी आणि परत ठेवी. दोनदा तिने मागितलंही होतं. "इतकं चांगलं कापड उगाच वाया घालवायचं नाही," हे उत्तर दोन्ही वेळा मिळालं होतं. एका संध्याकाळी ती शाळेतून आली, तर खारूच्या समोर निळ्या मखमलीची पिशवी होती आणि त्यात पेन्सिलींची थोटकं ओळीने निजली होती.

"आई, ते मखमल माझं होतं."

"तुझं कधी झालं? गिऱ्हाइकाचं होतं, उरलं."

"मी मागितलं होतं."

"अगं, तिच्या पेन्सिली दप्तरभर सांडतात. आईपासून लांब आहे पोर. तुला काय, तुझी आई उशाशी आहे."

आई उशाशी होती खरी. पण अलीकडे तोंड खारूकडे करून झोपत होती. पंतोजी हे बोलली नाही. न बोललेली वाक्यं तिच्याजवळ साठायला लागली, जशी खारूजवळ थोटकं.

शाळा सरकारी होती. चारला घंटा झाली की एरवी ती रिकामी होई. पण त्या वर्षापासून प्रयोगशाळेत शाळेनंतरचे जादा तास सुरू झाले होते. उपक्रमाचं अधिकृत नाव इतकं लांब होतं की फलकावर मावलं नाही. 'समवयस्क मार्गदर्शनातून सर्वांगीण गुणवत्ता' इथपर्यंत रंगाऱ्याची जागा संपली आणि उरलेलं नाव कार्यालयातच राहिलं. मुलं त्याला 'चारनंतर' म्हणत, आणि उपक्रम चालवणाऱ्या बाईंना चारनंतरच्या बाई. वरच्या वर्गातल्या हुशार मुलांनी खालच्या वर्गातल्यांना शिकवायचं, एका ताईला किंवा दादाला एक मूल, याला जोडी म्हणायचं. पंतोजी आणि खारू एकाच घरातल्या, तेव्हा बाईंनी त्यांची जोडी विचार न करता लावून टाकली. पुष्कळ दूरगामी निर्णय असेच रजिस्टरच्या सोयीने होत असतात.

चारनंतरचा नियम एकच होता, आणि बाई तो पहिल्या दिवसापासून घोकून घेत: "पेन्सिल शिकणाऱ्याच्या हातात, डस्टर शिकवणाऱ्याच्या हातात." शिकवणाऱ्याचे हात शिवशिवतात, समोरचं मूल अडखळलं की पेन्सिल ओढून घ्यावी आणि उत्तर काढून दाखवावं असं वाटतं. म्हणून ताईने किंवा दादाने पूर्ण वेळ दोन्ही हातांत फळा पुसायचं डस्टर धरून बसायचं. उत्तर सांगायचं नाही, लिहून दाखवायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचा.

पंतोजीने हा नियम पहिले काही महिने रोज मोडला. बाईंची पाठ फिरली की तिचं डस्टर टेबलावर, पेन्सिल तिच्या हातात आणि उत्तर वहीत. तिला शिकवायचं नव्हतंच. येतं हे दाखवायचं होतं. खारू मान हलवी आणि म्हणे, "ताई, तुला किती पटकन येतं गं!" हे वाक्य पंतोजीला मखमलीच्या व्याजासारखं वाटे. तेवढं मिळत होतं तोवर ती खारूवर प्रेमसुद्धा करू शकली असती.

मग अपूर्णांकांचा दिवस आला. सात अष्टमांश मोठा की आठ नवमांश? पंतोजीने पेन्सिल घेतली, तिरका गुणाकार केला, त्रेसष्ट आणि चौसष्ट लिहिलं आणि आठ नवमांशाखाली रेघ ओढली. बाई मागे उभ्या होत्या हे तिला नंतर कळलं.

"खारू, तू कसं केलं असतंस?" बाईंनी विचारलं.

खारूने आधी ताईकडे पाहिलं. "मी... दोघांनाही पुरं व्हायला एकेक तुकडा कमी आहे ना, बाई. पण नऊ भाग केले की तुकडा बारका होतो. ज्याचा बारका तुकडा कमी, तोच मोठा."

बाईंनी तास सुटू दिला. मग पंतोजीला जिन्यापाशी गाठून हळूच म्हणाल्या, "तुझी खारू वेगळा विचार करते हं. तिच्या हातातली पेन्सिल काढून घेऊ नकोस."

तुझी खारू! पंतोजी जिना उतरली ती एकेक पाऊल जणू कोणाच्या डोक्यावर ठेवत. त्रेसष्ट आणि चौसष्ट हेही बरोबरच होतं. पण बरोबर असण्याचं आता कोणाला कौतुक उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बाईंनी जाहीर केलं की विद्यापीठात उन्हाळ्याच्या सुट्टीत गणिताचा निवासी वर्ग भरणार आहे, आणि आपल्या शाळेला त्यात एक जागा मिळाली आहे. सातवी ते नववीतल्या कोणीही नाव द्यावं. तिथले प्राध्यापक स्वतः येऊन प्रत्येकाला फळ्यापाशी ठरावीक वेळेत सोडवायचा एक प्रश्न घालतील. लहानांनी अडल्यास आपल्या ताईला किंवा दादाला बोलवावं. ताईने डस्टर धरून शेजारी बसावं आणि एकच प्रश्न विचारावा.

"बाई, एकच जागा?" लंबू म्हणाला. तो पंतोजीच्या वर्गातला, चारनंतरचा दादा, आणि बोलायला नेहमी पुढे. "एवढ्या मोठ्या विद्यापीठात एकच खुर्ची उरली का?"

"मिळाली हे काय कमी आहे?" बाई म्हणाल्या.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'ज्ञान वाटल्याने वाढते' असं लिहिलेलं होतं. ज्यांनी ते लिहून घेतलं, त्यांनीच जागा मात्र एक ठेवली. मुलांना वर्षभर जोड्यांनी बसवायचं, एकमेकांचा हात धरायला शिकवायचं, आणि शेवटी दार असं करायचं की त्यातून एकालाच जाता यावं. मग आत कोण गेलं हे पाहून टाळ्या वाजवायच्या आणि बाहेर राहिलेल्याच्या मनात काय शिजतंय याला मुलांचा स्वभाव म्हणायचं. ही युक्ती शिकलेल्या माणसांनाच सुचते.

पंतोजीला ती जागा हवी होती. गेल्या वर्षी शाळेला जागाच आली नव्हती. पुढच्या वर्षी ती दहावीत जाणार, म्हणजे नियमाबाहेर. जे काय व्हायचं ते याच वर्षी. एक आख्खा महिना, वेगळी खोली, स्वतःचं टेबल, आणि आजूबाजूला अशी माणसं, ज्यांना त्रेसष्ट आणि चौसष्ट यांतला फरक कळतो. तिने नाव दिलं.

"खारू, तूही दे नाव," बाई म्हणाल्या. "अनुभव मिळेल."

ज्याला काही मिळणार नाही असं ठरलेलं असतं, त्याला मोठी माणसं अनुभव देतात. म्हणून पंतोजी निर्धास्त हसली. मग तिला जिन्यापाशी झालेलं बोलणं आठवलं, आणि हसू ओठांवरच वाळलं.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं की नियम पाळायचा.

आजवर तिने खारूला उत्तरं फुकट वाटली होती. आता एक शब्द द्यायचा नाही. बाई म्हणतात ना फक्त प्रश्न विचारा? मग असे प्रश्न विचारायचे की पोरीला घाम फुटेल, रडू येईल, आणि ती आपणहून नाव मागे घेईल. यात बोट ठेवायला कोणालाही जागा नव्हती. दुष्टपणाला नियमाचं संरक्षण मिळालं की तो शिस्तीसारखा दिसतो.

"कशावरून?" खारूने उत्तर लिहिलं की ती विचारी. "नेहमीच असं होतं का? एवढ्याच आकड्याला जमतं का? आणि तसं नसेल तर?"

"ताई, सांग ना, बरोबर आहे का?"

"तू सांग."

"मला नाही येत."

"मग कुठपर्यंत येतं?"

घरी टेबलावरही तेच. एकदा खारू खरंच रडली. डोळे मखमलीच्या पिशवीने पुसले, तेव्हा तर पंतोजीने डस्टर नसतानाही मुठी घट्ट आवळल्या.

आईने शिवणयंत्रावरचा पाय थांबवला. "अगं, सांग की तिला. लहान आहे."

"आई, नियम आहे. पेन्सिल शिकणाऱ्याच्या हातात."

"आमच्या आगारात असा नियम काढला तर एकही बस सुटायची नाही," वडील वर्तमानपत्रामागून म्हणाले. "हाताखालच्या पोरांना प्रश्न विचारत बसलो, तर लोक थांब्यावर म्हातारे होतील."

"बसला विचार करायचा नसतो, बाबा."

"तुमच्या त्या चारनंतरला कळायचं नाही, पंतोजी, पण जुन्या बसला स्वतःचा विचार असतो."

खारू रडता रडता हसली आणि पुन्हा वहीवर वाकली. नाव मागे घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. काही आठवड्यांनी रडणं थांबलं. मग ती पंतोजीच्या आधीच स्वतःला विचारू लागली. एका सकाळी दात घासताना, तोंडात फेस असताना, ती आरशाला म्हणाली, "पण नेहमीच का?" आणि तशीच टेबलाकडे धावली. पंतोजीला तिच्यासाठी अधिक अवघड प्रश्न शोधावे लागले. शाळेच्या ग्रंथालयातली जुनी गणिताची पुस्तकं तिने त्यासाठी उपसली. स्वतःच्या तयारीचा वेळ खारूच्या वाटेत खड्डे खणण्यात घालवला. खड्डा खणणारा त्यातच पडतो असं म्हणतात. इथे खड्ड्याला पाणी लागलं, आणि ते खारू प्यायली.

बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "आता तुला जमलं बघ! इतर ताया अजून पेन्सिल ओढतात. तुझ्यासारखं डस्टर कोणी धरत नाही."

लंबू मागून कुजबुजला, "डस्टर कसलं, दगड धरल्यासारखं धरतेस."

निवडीचा दिवस सुट्टीचा होता. प्रयोगशाळेत प्राध्यापक आले. चष्मा डोक्यावर चढवून तोच खिशांत शोधत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पंतोजीच्या मनात आलं, आणि तिला धीर आला. अशा माणसाला घाबरायचं काय?

शेवटी दोघीच उरल्या, त्यांत तिचा नंबर आधी लागला. प्राध्यापकांनी खाली पाहिलं आणि बुटाच्या टोकाने प्रयोगशाळेची फरशी दाखवली.

"समज, या चौकोनी फरशांचा एक आयत आहे. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला पाच. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढली. ती किती फरशांमधून जाईल?"

पंतोजीने झरझर चौकट काढली, रेघ ओढली, मोजलं. "सात, सर."

"छान. आता चार आणि सहा. न काढता सांग."

तीन आणि पाच आठ, त्यातून एक गेला सात. हे तिने केव्हाच हेरलं होतं. "नऊ."

"खात्री आहे?"

"हो, सर."

"मग काढून बघ."

तिने चौकट काढली, रेघ ओढली, मोजलं, पुन्हा मोजलं. आठ. खडू फळ्यावर टेकला तो टेकलेलाच राहिला.

"का बरं?" प्राध्यापकांनी विचारलं. आवाजात खोच नव्हती. तो तिचाच प्रश्न होता; तिने तो खारूला कित्येक आठवडे रोज विचारला होता, पण तिला स्वतःला आजवर कोणी विचारला नव्हता. उत्तर बरोबर आलं की लोक तिला शाबासकी देत आणि पुढे जात.

"तुझ्याबरोबर कोणी आहे का? विचारायला?"

"मीच ताई आहे, सर. मला कोणी नाही."

"अरेरे," प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "बरं. बस तू."

सगळं संपलं नव्हतं. पंतोजीने पटकन हिशेब केला: लंबू सुरुवातीलाच अडखळून हसत खाली बसला होता, बाकीचे चौकट काढण्यापर्यंतही पोचले नव्हते. अर्धं उत्तर का होईना, तिचंच सर्वांत पुढे होतं. राहिली होती फक्त खारू.

खारूला चॉकलेट मिळालं. फळ्यावरचं.

"एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला चार असे तुकडे असलेली वडी," प्राध्यापक म्हणाले. "रेषेवर मोडायची. एका वेळी एकच तुकडा हातात घ्यायचा, तुकडे एकावर एक ठेवायचे नाहीत. सगळे चोवीस सुटे करायचे, तर कमीत कमी किती वेळा मोडावी लागेल?"

खारूने वडी काढली. आधी लांब पट्ट्या केल्या, मग प्रत्येक पट्टी मोडली, बोटांवर मोजलं. "तेवीस वेळा झालं." मग तिने स्वतःच मान हलवली. "पण हे कमीत कमी आहे का, ते नाही माहीत." खडू गालाला लावून ती उभी राहिली. बराच वेळ. शेवटी म्हणाली, "सर, ताईला बोलवू?"

पंतोजी डस्टर घेऊन शेजारच्या स्टुलावर बसली. तिला उत्तर दिसत होतं. वडी काढतानाच दिसलं होतं. 'एकदा मोडलं की तुकडे किती वाढतात?' एवढा एक प्रश्न, आणि गाठ सुटली असती. तो प्रश्न तिच्या जिभेवर आला, आणि तिने तो गिळला. मखमल गिळवलं नव्हतं, हे गिळवलं. त्याच्या जागी तिने दुसरा प्रश्न काढला, जो कितीही वेळ खाऊ शकला असता आणि कुठेच नेणारा नव्हता.

"आधी उभी मोडायची की आडवी?"

खारूने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग फळ्याकडे वळली. या वेळी आखूड पट्ट्या आधी केल्या. मोजलं: तेवीस. मग वडी मधोमध मोडली, एक अर्धी अशी, दुसरी तशी, मुद्दाम वेडीवाकडी. पंतोजी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती आणि घड्याळ तिच्या बाजूने चालत होतं. पुन्हा तेवीस. खारूचा हात थांबला. तिने वळून ताईकडे एकदा पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"सर, कशीही मोडा! उभी, आडवी, काही फरक नाही. एक तुकडा मोडला की त्याचे दोन होतात. म्हणजे दर वेळी एकच वाढतो. एकाचे चोवीस करायचे तर तेवीसच. कमी नाही, जास्त नाही!"

प्राध्यापकांना चष्मा डोक्यावर सापडला. त्यांनी तो डोळ्यांवर घेतला आणि आधी पाहिलं ते पंतोजीकडे. "काय सुंदर प्रश्न विचारलास! सरळ वाट दाखवली असतीस तर ती एका वाटेने गेली असती. तू तिला फाट्यावर उभी केलीस, आणि सगळ्या वाटा एकाच गावाला जातात हे तिचं तिला दिसलं."

पंतोजीने डस्टर इतकं आवळलं की खडूची भुकटी तिच्या मांडीवर पडली.

जागा खारूला मिळाली. बाईंनी पंतोजीला मिठी मारली आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "हे यश खरं तर तुझं आहे!" यश असं वाटून दिलं जातं, जागा मात्र कोणी वाटत नाही. लंबूने टाळ्या वाजवल्या, पण त्याने पंतोजीकडे पाहायचं टाळलं. त्याबद्दल तिला त्याचे आभार मानावेसे वाटले.

घरी आईने मावशीला फोन लावला आणि दोघी बहिणी दोन टोकांना रडल्या. वडिलांनी खारूला दारापासून टेबलापर्यंत पाठुंगळी घेतलं. मग आई ट्रंकेपाशी गेली आणि तळातून निळ्या मखमलीची एक चिंचोळी पट्टी काढून आणली.

"एवढंच उरलंय गं," ती पंतोजीला म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "तुझ्यासाठी काय शिवू?"

"डस्टरला गवसणी शिव."

आई हसली नाही. तिने पट्टी बोटाभोवती गुंडाळली आणि म्हणाली, "माझं चुकलं का?" पंतोजीने 'नाही' म्हटलं. खरं उत्तर सांगायचं नाही, याची तिला आता सवय झाली होती.

खारू निघायच्या आदल्या दुपारी दोघी कापणीच्या टेबलाशी होत्या. आई शेजारच्या खोलीत यंत्रावर होती. खारू बॅग भरता भरता थांबली.

"ताई, चॉकलेटच्या वेळी तू मला अडवायला विचारलंस ना?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. तुझा चेहरा." खारू थोटकं एकेक करून पिशवीत ठेवत होती. "माझं चुकलं ना, की तुझा चेहरा सैल पडतो. आणि बरोबर येत गेलं की तो असा ताणतो, इथे, गालाजवळ. मी त्याच्यावरूनच ओळखते. आधी मला वाटायचं तू रागावतेस. मग लक्षात आलं, तू रागावलीस की समजायचं, बरोबर आहे."

"वर्षभर?"

"रडायचं थांबले तेव्हापासून."

"त्या दिवशीही?"

"त्या दिवशी तर तू एवढी काळवंडलीस, की मला कळलं, आता खडू ठेवायला हरकत नाही." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. हवा कशी आहे हे सांगावं तसं सांगत होती. "पण प्रश्न तुझे चांगले असतात. बाकीच्या ताया लाडाने विचारतात, त्यांचे प्रश्न मऊ पडतात."

पंतोजीने शब्दाने एकही उत्तर सांगितलं नव्हतं, आणि चेहऱ्याने एकही लपवलं नव्हतं. जपून ठेवलेलं, फक्त आपलं म्हणावं असं एक वैर तिच्याजवळ होतं. तेही या पोरीने थोटकासारखं उचलून कामाला लावलं होतं. पलंग, खिडकी, मखमल, जागा, आणि आता हेही. तिला ओरडावंसं वाटलं, पण पलीकडे आईचं यंत्र चालू होतं.

"बस इथे," खारू म्हणाली.

"कशाला?"

"बस ना." तिने आईचं दोऱ्याचं मोठं रीळ उचललं आणि दोन्ही हातांत धरलं. मग हनुवटीने मखमलीच्या पिशवीकडे खूण केली. "त्यातली एक घे. फरशांचं कर."

"मला येतं ते."

"मग आठ का आले?"

पंतोजी उठून जाणार होती. ती खिडकीकडच्या बाजूला बसली होती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. खारूने ती बाजू कधी रिकामी केली होती कोण जाणे. तिने पिशवीत हात घातला. मखमल आतूनही मऊ होतं. हाताला लागलं ते सगळ्यांत छोटं थोटूक, चिमटीत जेमतेम मावणारं. तिने चार आणि सहाची चौकट काढली आणि रेघ ओढली.

"रेघ एका फरशीतून दुसरीत जाते," खारू म्हणाली, "तेव्हा काय ओलांडते?"

"कड. फरशीची कड. प्रत्येक वेळी एक कड, एक नवी फरशी. म्हणून तर मी—"

"नेहमी एकच कड?"

पंतोजीने मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काही सैल पडतंय का, काही ताणतंय का. तिथे काहीच नव्हतं. खारू रीळ धरून नुसती वाट पाहत होती; तिला यात हरायचं नव्हतं आणि जिंकायचंही नव्हतं. अशा चेहऱ्यावरून काही चोरता येत नाही.

रेघ आयताच्या बरोबर मध्यावर, चार फरशा जिथे मिळतात तिथल्या कोपऱ्यावरून, एकदम दोन कडा ओलांडून जात होती.

प्रश्न चांगला होता. पंतोजीला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. आणि त्या रागातच ती थोटूक घट्ट धरून चौकटीवर वाकली.